पुलाचा भार शेजारच्या दातांवर

पक्क्या दातांपैकी पहिली दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते, आणि दुधाचा कोणताही दात न पाडता ती मागच्या रिकाम्या जागेत येत असल्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांनाही ती दुधाचीच वाटते; परिणामी तिच्या खाचांत कीड लागली तरी ‘नाहीतरी पडणारच आहे’ असे म्हणून दुर्लक्ष होते आणि पुढे ऐन तारुण्यात ती काढून टाकण्याची पाळी येते. तोंडात सर्वांत आधी आलेली ही दाढ बहुधा सर्वांत आधी जाते. ठणका थांबला म्हणजे आजार संपला अशी समजूत मराठवाड्याच्या गावोगावी असल्याने मोकळी जागा वर्षानुवर्षे तशीच राहते आणि भाकरी दुसऱ्या बाजूने चावली जाऊ लागते.

ही जागा मात्र स्थिर राहत नाही. मागची दाढ हळूहळू फटीत कलते, समोरच्या जबड्यातील दात टेकण्यासाठी काही न उरल्याने खाली किंवा वर सरकतो, दातांमध्ये अन्न अडकू लागते आणि दात काढलेल्या ठिकाणचे हाड पहिल्या काही महिन्यांतच लक्षणीय झिजते. म्हणूनच दात काढल्यानंतरची जखम भरून हिरडी स्थिरावली, म्हणजे साधारणतः दोन-तीन महिने गेले, की ती जागा भरण्याचा विचार करणे हिताचे असते. दहा वर्षांनी आलेल्या रुग्णाच्या तोंडात आधी कललेली दाढ सरळ करावी लागते किंवा जास्त घासावी लागते.

जागा भरण्याच्या उपायांपैकी ज्याला बोलण्यात ‘फिक्स दात’ म्हटले जाते तो ब्रिज होय. फटीच्या दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी आणि वरून साधारण एक ते दोन मिलिमीटर घासून लहान केले जातात, त्यांचे माप घेऊन लॅबमध्ये एकमेकांना जोडलेल्या टोप्या तयार होतात आणि दोन टोप्यांच्या मध्ये हरवलेल्या दाताच्या आकाराचा एक दात जोडलेला असतो. हे सगळे एकसंध काम सिमेंटने कायमचे चिकटवले जाते. टोप्या धारण करणाऱ्या दातांना आधारदात म्हणतात. मधला दात हाडात रोवलेला नसतो, तो हिरडीवर नुसता टेकलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर पडणारा चावण्याचा सगळा जोर आधारदातांच्या मुळांतून हाडात उतरतो. खालची पहिली दाढ गेली असेल तर तिच्या पुढची उपदाढ आणि मागची दुसरी दाढ हा भार उचलतात.

ब्रिजचे यश दिसण्यात नसून या आधारदातांत आहे, ही गोष्ट रुग्णांना पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही. आधारदातांच्या मुळांचे हाडातील एकूण क्षेत्रफळ हरवलेल्या दातांच्या मुळांइतके तरी असावे, असा नियम अँटे या दंतवैद्याने १९२६ मध्ये मांडला. पुढच्या संशोधनाने तो शिथिल केला असला तरी एका अशक्त दातावर दोन-तीन दातांचे ओझे टाकू नये हा त्यातला विवेक आजही टिकून आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, इनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य कवच, एकदा घासले की पुन्हा तयार होत नाही. ज्या दाताला कधी कीड लागली नाही, ज्यात कधी फिलिंग झाले नाही, असा दात केवळ शेजारी गेला म्हणून घासणे ही मोठी किंमत आहे आणि तिचा विचार आधी व्हायला हवा. उलट शेजारच्या दातांत आधीच मोठे फिलिंग किंवा रूट कॅनल झालेले असेल, तर त्यांना टोपीची गरज असतेच आणि तिथे ब्रिज हा अतिशय योग्य उपाय ठरतो.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत आधारदातांचा विचार आणखी एका कारणाने निराळा होतो. लातूर जिल्हा जवळजवळ संपूर्ण दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे, पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर, बिलोली, किनवट या भागांत, बेसॉल्टचा थर संपून जुना ग्रॅनाइट उघडा पडतो, आणि अशा खडकातील खनिजांमधून भूजलात फ्लोराइड उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. किनवट तालुक्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते त्याहून अधिक आढळले आहे. इनॅमल घडत असण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पिणाऱ्या मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरट पट्टे, तपकिरी डाग आणि तीव्र प्रकारात खळगे पडतात. याला दातांचा फ्लोरोसिस म्हणतात. अशा तोंडात पांढराशुभ्र कृत्रिम दात बसवला तर तो परकाच दिसतो, म्हणून रंग निवडताना लॅबला शेजारच्या दातांवरील छटा कळवावी लागते. अडचण रंगापुरती नाही. दात जवळजवळ न घासता मागच्या बाजूने पातळ पंख चिकटवून पुढचा एखादा दात बसवण्याची पद्धत आहे, जी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात विकसित झाल्यामुळे मेरीलँड ब्रिज म्हणून ओळखली जाते. ती पूर्णपणे इनॅमलवर धरणाऱ्या चिकटद्रव्यावर अवलंबून असते आणि तीव्र फ्लोरोसिसच्या इनॅमलवर चिकटवण्यापूर्वी लावल्या जाणाऱ्या आम्लाचा परिणाम नीट होत नसल्याने ही पकड कमकुवत राहण्याचा संभव असतो. दुसऱ्या शहरात सहज टिकणारा उपाय म्हणून इथे तसाच टिकेल असे गृहीत धरता येत नाही.

तंबाखू, गुटखा आणि बायकांमधली मिश्री लावण्याची सवय यांमुळे हिरड्या सैल होऊन हाड झिजते आणि आटोक्यात नसलेला मधुमेह त्यात भर घालतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याचे परिणाम तोंडातून गेलेले नाहीत. हलणाऱ्या दातावर ब्रिज उभारणे म्हणजे पैसे आणि दात दोन्ही घालवणे होय. आधी हिरड्यांचे उपचार, मगच ब्रिज, हा क्रम बदलता कामा नये.

इतर पर्यायांपैकी काढघाल करता येणारी अर्धी कवळी स्वस्त असते आणि शेजारच्या दातांना फारसा धक्का लावत नाही, पण सवय व्हायला वेळ लागतो. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे ब्रॅनेमार्क यांनी १९६५ मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला. शेजारचे दात वाचतात हा त्याचा मोठा गुण, पण खर्च अधिक आणि पुरेसे हाड असणे आवश्यक. आठवडी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला तारेने बांधून आणि ॲक्रिलिक ओतून तासाभरात बसवले जाणारे दात हा मात्र पर्यायच नव्हे: ते हिरडीवर थेट ओतलेले असतात, खाली साफ करता येत नाहीत आणि बऱ्याचदा चांगले शेजारी दातही हलवून टाकतात. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने दंतोपचार करणे कायद्याने प्रतिबंधित आहे. ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत आणि शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात, त्यामुळे खेपा जास्त पडतात, पण खर्च बराच कमी येतो.

चांगला ब्रिज किती टिकतो? निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून २००४ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार दहा वर्षांनंतर सुमारे ८९ टक्के ब्रिज तोंडात होते, आणि जे गेले त्यांच्या कारणांत आधारदाताला टोपीखाली लागलेली कीड हे एक प्रमुख कारण होते. ब्रिजला कीड लागत नाही, पण टोपीची कडा जिथे हिरडीपाशी संपते तिथे दात उघडाच असतो. नुसता ब्रश मधल्या दाताच्या खाली पोहोचत नाही, तिथे दातांचा खास दोरा किंवा बारीक ब्रश रोज रात्री फिरवावा लागतो. म्हणून दात घासायला होकार देण्यापूर्वी रुग्णाने आधारदातांचा एक्स-रे दाखवून घ्यावा, कोणते दात घासले जाणार आणि का, हे विचारावे, आणि ब्रिज बसवल्याच्या दिवशी खालची सफाई आरशासमोर करून दाखवण्याचा आग्रह धरावा.