नळी कागदाची, भार साच्याचा: छंदाच्या रॉकेटमागील अर्थकारण

छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या छोट्या रॉकेटची नळी कागदाची असते, पंख बहुधा बाल्सा या हलक्या लाकडाचे असतात आणि टोकावरील शंकू प्लास्टिकचा असतो. जेमतेम काही ग्रॅम वजनाचा हा शंकूच उत्पादकाला सर्वांत मोठ्या पेचात टाकतो. नळी आणि पंख मागणीप्रमाणे कापता येतात. शंकूसाठी मात्र पहिला नग विकला जाण्याआधीच साच्याची पूर्ण रक्कम मोजावी लागते.

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वितळलेले प्लास्टिक प्रचंड दाबाने पोलादी साच्यात भरतात. हा दाब सोसणारे दोन भाग परस्परांशी तंतोतंत जुळावे लागतात. थंड पाण्याच्या वाहिन्या, तयार नग बाहेर ढकलणाऱ्या पिना आणि पृष्ठभागाची चकाकी यांवर कुशल कारागिरांचे कित्येक दिवस खर्ची पडतात. पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरल्यास साचा लवकर व स्वस्तात होतो, पण झिजतोही लवकर.

उदाहरणादाखल, साचा १० लाख रुपयांचा आणि प्लास्टिक व यंत्राचा वेळ मिळून प्रत्येक नगाचा खर्च ५ रुपये धरू. एक हजार शंकू काढले तर एक शंकू १,००५ रुपयांना पडतो; एक लाख काढले तर अवघ्या १५ रुपयांना. खेळण्यांच्या बाजारात लाखाचा आकडा गाठता येतो. रॉकेटच्या छंदात एखाद्या नव्या आकाराला तेवढे गिऱ्हाईक मिळणे दुरापास्त असते.

या छंदाचे घर असलेल्या अमेरिकेत त्यावर निघालेला तोडगा म्हणजे नळ्यांचे ठराविक व्यास. १९५८ मध्ये व्हर्न एस्टेस यांनी सुरू केलेल्या आणि पुढे कोलोरॅडोतील पेनरोझ येथे स्थिरावलेल्या एस्टेस कंपनीच्या बीटी-५० या नळीचा बाहेरील व्यास २४.८ मिलिमीटर आहे. या मापाचा एक शंकू अनेक निरनिराळ्या संचांत बसतो. रंग, पंख व चिकटचित्रे बदलली की रॉकेट नवे. ग्राहकाला त्यात काटकसर दिसेल, परंतु साच्याचा खर्च अनेक संचांवर विभागण्याचा याहून सरळ मार्ग नाही. मोठ्या, पोकळ शंकूंसाठी ब्लो मोल्डिंगचा आधार घेतला जातो. त्यात हवेच्या दाबाने प्लास्टिक फुगवतात. आतला गाभा लागत नाही आणि दाबही कमी असल्याने साचा स्वस्त पडतो. त्याची किंमत भिंतीची जाडी असमान राहण्यात आणि सांध्याची रेघ घासून काढण्यात चुकवावी लागते.

एकदा घडवलेला साचा दशकानुदशके चालू शकतो. त्यामुळे कंपनी बुडाली तरी त्याचे मोल उरते, पण केवळ त्याच व्यवसायातील खरेदीदारासाठी; इतरांच्या लेखी ते भंगार पोलाद. एस्टेसची मालक असलेल्या हॉबिको या कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला. रॉकेटचा व्यवसाय लँगफोर्ड कुटुंबाने विकत घेतला आणि तो पेनरोझमध्येच सुरू राहिला. हॉबिकोचाच भाग असलेल्या रेव्हेल या प्रतिकृती-उत्पादक कंपनीचे जुने साचे एका जर्मन गुंतवणूक कंपनीकडे गेले. असा खरेदीदार मिळाला नसता, तर त्या आकारांचे सुटे भाग पुन्हा निघण्यासाठी कोणाला तरी साच्याचा खर्च पहिल्यापासून करावा लागला असता.

घरगुती त्रिमितीय मुद्रणाने या गणितात नवा पर्याय आणला आहे. मुद्रित शंकूला साचा लागत नाही. मात्र प्रत्येक नगाला यंत्राचा बराच वेळ जातो आणि थरांच्या रेषा घासाव्या लागतात. असा शंकू १५० रुपयांना पडतो असे मानले, तर वरच्या उदाहरणातील साचा सुमारे ६,९०० नगांनंतरच परवडू लागतो. शंभर-दोनशे संच विकणाऱ्या लहान उत्पादकाने म्हणूनच साच्याच्या वाटेला न जाणे शहाणपणाचे ठरते. पूर्वी हेच काम लेथवर कातलेला बाल्साचा शंकू करीत असे. त्यालाही साचा लागत नसे, फक्त लाकडाची रंध्रे बुजवण्याची चिकाटी खरेदीदाराकडे असावी लागे.

या दोन टोकांच्या मध्ये साच्याची बाहेरची चौकट कायम ठेवून आतले ॲल्युमिनियमचे तुकडे तेवढे बदलण्याची पद्धत आहे. चौकटीचा खर्च एकदाच होतो आणि नव्या आकारासाठी पणाला लावावी लागणारी रक्कम घटते. काही हजार नगांच्या मागणीसाठी सध्या तोच व्यवहार्य मार्ग दिसतो.