धावायला निघताना मोबाइलमध्ये कोणते ॲप?

पोलीस भरती जवळ आली की भीमनगर, भावसिंगपुऱ्याची मुले-मुली पहाटेच विद्यापीठाच्या रस्त्याला लागतात. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. विहारात रक्तदाब तपासायला बसलो की आम्हाला हमखास विचारतात, "ताई, धावायला कोणते ॲप चांगले?"

पहिली गोष्ट, पैसे भरू नका. स्ट्रावा घ्या किंवा नायकी रन क्लब, अंतर, वेळ आणि वेग फुकटात कळतो. "आधी फुकट वापरा" म्हणून यूपीआयची परवानगी मागितली तर देऊ नका, पुढे पैसे आपोआप कापले जातात. धाव मोजायला इंटरनेट लागत नाही, लोकेशन चालू असले की पुरते. मात्र स्वस्त मोबाइल बॅटरी वाचवायला चालू ॲप मध्येच बंद पाडतो, मग तीन किलोमीटर धावूनही दीडच दिसतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला मोकळीक द्यावी.

भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण ५०. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटरला, मुलींना ८०० मीटरला. शंभर मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. मोकळ्या आभाळाखालीही मोबाइल चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडी-इमारतींत आणखी. म्हणून शंभर मीटरला ॲप कामाचे नाही. तिथे टेपने मोजलेले मैदान आणि मित्राच्या हातातले स्टॉपवॉच हवे. १६०० मीटरची खरी वेळही ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या मारूनच बघा. ॲप रोजच्या सरावाच्या नोंदीपुरते.

मुलींसाठी मात्र निवडीची कसोटी वेगळी. धावणे घरापासून सुरू होते, घरापाशी संपते, आणि ॲप तो नकाशा अनोळखी माणसालाही दाखवू शकते. कोणती मुलगी, कोणत्या गल्लीतली, किती वाजता एकटी असते, सगळे त्यात आले. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावाच्या जागतिक नकाशावरून सैनिकांचे धावण्याचे मार्ग आणि त्यातून लष्करी तळ उघडे पडले होते. तेव्हा ज्या ॲपमध्ये "फक्त मला दिसावे" अशी सोय आहे, तेच घ्या आणि पहिल्याच दिवशी ती लावा. घराजवळचा भाग लपवता येत असेल तर तोही लपवा. आईला ठावठिकाणा कळवायचा तर व्हॉट्सॲपवर तासाभराचे लाइव्ह लोकेशन पाठवा, तेवढे पुरे. (घरात एकच मोबाइल असेल तर बहिणीची धाव भावाच्या खात्यात जमा होते. तिचे खाते वेगळे काढा, तिची मेहनत तिच्या नावावर राहू द्या.)

आणखी एक. वेग आठवडेच्या आठवडे वाढत नाही, दम लागतो, चक्कर येते, तेव्हा मुली ॲप बदलून बघतात. आम्ही त्यांना आधी डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवायला सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर पाय कितीही पळोत, स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, आणि हे कुठलेच ॲप सांगत नाही. सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाला काळे झाले तरी घाबरून मध्येच सोडू नका.