पातीचा हिशेब

झाशीच्या जुन्या तटाचा लक्ष्मी दरवाजा आज लक्ष्मी गेट म्हणून ओळखला जातो. त्याच्याबाहेर तलावाच्या बाजूला महालक्ष्मीचं देऊळ आहे. नेवाळकरांच्या राजवटीतलं, राणी लक्ष्मीबाई तिथे दर्शनाला जात. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्या पुजतात, आणि धंदा भागीतला असेल तर खरा प्रश्न प्रसाद वाटून झाल्यावर निघतो: कुणाचा वाटा किती?

या प्रश्नाचं चोख गणित नेवाळकरांच्याच ओळखीच्या मुलखातलं आहे. त्यांची एक शाखा पारोळ्याला होती. राणीचे पती गंगाधरराव यांनी १८५३ मध्ये दत्तक घेतलेला मुलगा तिथलाच. पारोळ्याच्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण आहे. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापला; १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तीन व्यापारी आहेत. भांडवल ५१, ६८ आणि ८५. तिघांनी मिळून धंदा केला आणि एकूण रक्कम ३०० झाली. प्रत्येकाला किती? भांडवलांची बेरीज २०४. प्रत्येकाच्या भांडवलाला ३०० ने गुणायचं, २०४ ने भागायचं: ७५, १००, १२५. आकडे ओबडधोबड वाटतात खरे, पण तिन्हींना १७ ने भाग जातो आणि ३:४:५ उरतं. निव्वळ नफा ९६, त्यात वाटे २४, ३२, ४०.

इथवर शाळेतलं गणित. पण भांडवलाच्या प्रमाणातच वाटा द्यायचा, हे कुणी ठरवलं? याज्ञवल्क्यस्मृती म्हणते, नफा-तोटा भांडवलाप्रमाणे, किंवा आपसात ठरलं असेल त्याप्रमाणे. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा मात्र वेगळं सांगतो. करार नसेल तर कलम १३ नुसार नफाही समान, तोटाही समान. भांडवल कितीही असो. म्हणजे भास्कराचार्यांचे व्यापारी आज लेखी-तोंडी काहीच न ठरवता कोर्टात गेले तर तिघांना ३२-३२-३२. पहिल्याला ८ जास्त, तिसऱ्याला ८ कमी. मधल्याला फरकच नाही, कारण ६८ ही नेमकी सरासरी आहे. भांडणात तो बहुधा गप्प बसेल! ‘भागीचं घोडं किवणानं मेलं’ असं आपण म्हणतो. माझ्या मते निम्मी घोडी न लिहिलेल्या गुणोत्तराने मरतात.

पैसे वेगवेगळ्या मुदतीला गुंतले असतील तर भांडवलाला महिन्यांनी गुणायचं. समजा, लक्ष्मी गेटपाशी तिघांनी भांड्यांचं दुकान काढलं. एकाचे ६०,००० वर्षभर, दुसऱ्याचे ९०,००० आठ महिने, तिसऱ्याचे १,२०,००० चार महिने. गुणाकार ७,२०,०००, ७,२०,००० आणि ४,८०,०००, प्रमाण ३:३:२. सगळ्यात जास्त रक्कम आणणाऱ्याला सगळ्यात कमी वाटा. मधेच कुणी पैसे काढले तर त्याच्या वर्षाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळा गुणायचा आणि बेरीज घ्यायची.

स्पर्धा परीक्षांत हेच उलटं विचारतात. नफा ५:६, मुदत १० आणि ८ महिने, तर भांडवल? नफ्याला मुदतीने भागा: ५/१० आणि ६/८, म्हणजे २:३. पोरं इथे सवयीने गुणतात.

आता त्याच दुकानात गल्ल्यावर रोज बसणारा पहिला भागीदार. नफा ८०,००० झाला आणि बसण्याचा मोबदला म्हणून नफ्याचे २० टक्के आधी त्याला, असं ठरलं असेल तर १६,००० बाजूला काढायचे. उरलेल्या ६४,००० चे ३:३:२ प्रमाणे २४,०००, २४,००० आणि १६,०००. पहिल्याच्या हातात एकूण ४०,०००. ठरलं नसेल तर कायदा त्याच्या बसण्याची कवडीही देत नाही.

शिवाय अडचणीच्या वेळी कुणी ठरल्या भांडवलावर जादा रक्कम घातली, तर तिच्यावर कायद्याने वर्षाला ६ टक्के व्याज. ५०,००० वर्षभर असतील तर ३,०००, आणि तेही वाटणीच्या आधी. तोटा झाला तरी हे व्याज चुकत नाही. ठरलेल्या भांडवलावरचं व्याज मात्र, करारात असलं तरी, नफा असेल तरच.