न दिसणाऱ्या फायली, न टिकणारा इतिहास

फाइल लपवली की ती सुरक्षित झाली, आणि एडिटरमध्ये सेव्ह केले की जुना मजकूर कुठेतरी जपला गेला. या दोन समजुतींचा एकमेकींशी संबंध नाही असे वरकरणी वाटते, पण दोन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे. लपणे आणि इतिहास बाळगणे हे फाइलचे अंगभूत गुण आहेत असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात फाइल म्हणजे एक नाव, थोडी जोडमाहिती आणि बाइट्सची रांग. ती कोणाला दाखवायची, तिच्या जुन्या प्रती कुठे आणि किती काळ ठेवायच्या, हे तिच्याशी व्यवहार करणारा प्रोग्रॅम ठरवतो. प्रोग्रॅम बदलला की उत्तर बदलते.

डॉटने सुरू होणाऱ्या फायलींचेच पाहा. युनिक्समध्ये त्या यादीत दिसत नाहीत, त्यामुळे गोपनीयतेसाठी विचारपूर्वक केलेली ती सोय असावी असे वाटते. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी 2012 साली सांगितलेली हकिकत मात्र वेगळी आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःसाठी एक डॉट आणि वरच्या फोल्डरसाठी दोन डॉट अशा दोन नोंदी असतात. 'एलएस' या कमांडच्या यादीत त्या सारख्या मध्ये येऊ नयेत म्हणून केन थॉम्प्सन किंवा डेनिस रिची यांच्यापैकी कोणीतरी सोपी तपासणी घातली: नावाचे पहिले अक्षर डॉट असेल तर ती नोंद वगळायची. पूर्ण नाव ताडून पाहण्याचे कष्ट वाचले, पण त्यामुळे डॉटने सुरू होणारे कुठलेही नाव यादीतून गळू लागले, आणि प्रोग्रॅमरांनी आपापल्या सेटिंगच्या फायली त्या आडोशाला नेऊन टाकायला सुरुवात केली. या साऱ्यात परवानगीचा किंवा कुलपाचा संबंध कधीच नव्हता. ज्याला ती फाइल वाचायची परवानगी आहे तो डॉट असो वा नसो, ती वाचतोच.

विंडोजला या डॉटचे काहीच वाटत नाही. तिथे 'हिडन' ही वेगळी खूण फाइलला लावावी लागते, आणि ती खूण मानायची की नाही हे पुन्हा पाहणाऱ्या प्रोग्रॅमवर आहे. मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि डॉट एकत्र दाबले की सगळे उघडे पडते. लिनक्सवरच्या ग्नोमच्या फाइल व्यवस्थापकात कंट्रोल-एच पुरते. व्हीएस कोड या एडिटरची तर स्वतःची यादी आहे: 'डॉट-गिट' फोल्डर तो मुळातच दाखवत नाही, पण पासवर्ड ज्यात ठेवले जातात ती 'डॉट-ईएनव्ही' बिनदिक्कत दाखवतो. एकाच फोल्डरबद्दल तीन प्रोग्रॅम तीन वेगळी चित्रे देतात, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

यावर कोणी म्हणेल, आम्ही लपवलेल्या फायलींच्या वाटेलाच जात नाही. पण एडिटर जातो, आणि न विचारता. व्हिममध्ये फाइल उघडली की त्याच फोल्डरमध्ये डॉटने सुरू होणारी आणि 'एसडब्ल्यूपी' शेपटीची स्वॉप फाइल तयार होते. दर 200 अक्षरांनंतर, किंवा टंकन 4 सेकंद थांबले की, तिच्यात बदल उतरतात. वीज गेली, संगणक बंद पडला, आणि पुढच्या वेळी 'ई325' क्रमांकाची सूचना आली, तर ती फाइल कचरा समजून उडवणारे पुष्कळ आहेत. सेव्ह न झालेला मजकूर नेमका तिच्यातच असतो. आधी रिकव्हर करून पाहायचे, मजकूर हाती आल्याची खात्री करायची, मग ती पुसायची. उलट बाजूचा धोकाही खरा आहे. वेबसाइटच्या फोल्डरमध्येच बसून पीएचपी फाइल दुरुस्त केली, तर सर्व्हर मूळ फाइल चालवतो आणि तिचा कोड बाहेर जात नाही. पण एडिटरने ठेवलेली, नावाच्या शेवटी टिल्ड (~) लागलेली बॅकअप प्रत त्याला ओळखता येत नाही आणि ती तो साधा मजकूर म्हणून मागणाऱ्याच्या हाती देऊ शकतो, डेटाबेसच्या पासवर्डसकट. मालकाच्या यादीत ती प्रत क्वचितच कोणाच्या नजरेस पडते.

आता इतिहासाकडे. अनडू म्हणजे इतिहास, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. बहुतेक एडिटरांचे अनडू फाइल बंद करताच संपते. व्हिममध्ये ते टिकवण्याची सोय 2010 च्या 7.3 आवृत्तीत आली, पण ती आपण होऊन सुरू करावी लागते. शिवाय दुसऱ्या प्रोग्रॅमने फाइलमध्ये काही बदलले की मजकूर जुळत नाही आणि व्हिम तो जुना अनडू बाजूला ठेवतो. ईमॅक्स या एडिटरची टिल्डवाली बॅकअप प्रत आणखी फसवी आहे. ती 'याआधीची आवृत्ती' आहे असे सगळे धरतात. खरे तर फाइल उघडल्यानंतर पहिल्यांदा सेव्ह करताना एकदाच ती काढली जाते. दिवसभरात चाळीस वेळा सेव्ह केले तरी टिल्डमध्ये सकाळचाच मजकूर राहतो, आणि दुपारचा उत्तम परिच्छेद संध्याकाळी बिघडवला तर तो तिथे सापडत नाही. क्रमांकित बॅकअप चालू केले तरी पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन प्रतीच राखायच्या, असे मूळ सेटिंग आहे.

व्हीएस कोडने मार्च 2022 च्या 1.66 आवृत्तीत लोकल हिस्टरी आणली, आणि 'आता काही हरवत नाही' अशी निश्चिंती अनेकांना वाटू लागली. लोकल हिस्टरीचे मूळ नियम वाचले तर ही निश्चिंती कमी होते: एका फाइलच्या जास्तीत जास्त 50 नोंदी, आणि 256 किलोबाइटपेक्षा मोठी फाइल वगळलेली. या नोंदी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नसून वापरकर्त्याच्या खासगी सेटिंगजवळ असतात. फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर नेला तर मजकूर जातो, इतिहास मागेच राहतो. विंडोज 11 चे नोटपॅड सेव्ह न केलेले टॅब पुन्हा उघडून देते, म्हणून त्याच्याकडेही आवृत्त्या आहेत असे मानले जाते. त्याच्याकडे फक्त शेवटची स्थिती असते.

मग गिट वापरा, असा सल्ला मिळतो, आणि तो चांगलाच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स कर्नलसाठी लिहिलेले हे साधन एका कादंबरीच्या मसुद्यांनाही तितकेच चालते. पण गिटला फक्त कमिट केलेले, म्हणजे मुद्दाम नोंदवलेले, आठवते. दोन कमिटांच्या मधले तासभराचे काम 'रिस्टोअर' करून पुसले, तर गिटकडून ते परत मिळण्याची आशा थोडी; तिथे एडिटरची लोकल हिस्टरीच उपयोगी पडते. गिटने वगळायच्या फायलींची यादी म्हणजे 'डॉट-गिटइग्नोअर'; तिच्याबद्दलचा गैरसमज तर महागात पडतो. त्यात नाव लिहिल्याने आधीच कमिट झालेली फाइल बाहेर पडत नाही. नियम फक्त अजून नोंद न झालेल्या फायलींना लागू होतो. ती फाइल पुढच्या कमिटमध्ये काढून टाकली तरी जुन्या कमिटांमध्ये ती शाबूत असते. पासवर्ड एकदा सार्वजनिक रिपॉझिटरीत गेला की इतिहास धुण्याआधी तो पासवर्ड बदलायचा असतो.

एवढ्या वेगवेगळ्या आठवणी सांभाळण्यापेक्षा यंत्रणेनेच प्रत्येक सेव्ह जपून का ठेवू नये, हा आक्षेप रास्त आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे होतेही. तिथे फाइलच्या नावापुढे अर्धविराम आणि आवृत्तीचा क्रमांक असे, आणि प्रत्येक सेव्हला नवा क्रमांक पडे. जुन्या प्रतींनी डिस्क भरत जाई, म्हणून त्या साफ करायला 'पर्ज' ही कमांड होती. आज डिस्क स्वस्त आहे, तेव्हा जागेचा मुद्दा मागे पडला असे म्हणता येईल. पण दुसरा मुद्दा उलट वाढला आहे: सगळे आठवणारी यंत्रणा जे विसरायला हवे होते तेही आठवते. किती जपायचे हे कामावर ठरणार, आणि म्हणून कोण काय जपतो आहे हे ठाऊक असणे भाग आहे.

व्हिममध्ये पासवर्डची एखादी फाइल उघडायची असेल तर हे लगेच कळते. व्हिम '-एन' लावून सुरू केला की स्वॉप फाइल होत नाही, आणि बरेच जण तिथेच थांबतात. टिकाऊ अनडू चालू असेल तर अनडू फाइल तरीही लिहिली जाते. शिवाय कापलेल्या आणि कॉपी केलेल्या ओळी घरच्या फोल्डरातल्या 'व्हिमइन्फो' या फाइलमध्ये उतरतात, आणि तिच्याही नावाची सुरुवात डॉटनेच होते. तिन्ही जागा वेगवेगळ्या बंद कराव्या लागतात.