रात्रीचे नाटक, दिवसाची शाळा

दिवाळीत धान निघाले, बांध्या मोकळ्या झाल्या, की वडशाच्या नाटक कंपन्यांकडे गावोगावची मंडळी तारखा धरायला येतात. तेव्हापासून होळीपर्यंत पूर्व विदर्भाची ही झाडीपट्टी रात्रभर जागी असते. मंडपात सगळ्यांत पुढे ताडपत्रीवर गावची पोरे. ती अधूनमधून पेंगतात, पण विनोदी नट आला की नेमकी जागी होतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या चौथीतल्या पोराने पाहिलेली नाटके पुण्या-मुंबईच्या मुलाने दहावीपर्यंतही पाहिलेली नसतात, असे मी बेधडक म्हणेन. आणि तेच पोर शाळेच्या स्नेहसंमेलनात उभे राहिले, की मान खाली घालून पाठ केलेले वाक्य कसेबसे संपवते.

असे का होते, ते पाहायला थोडे मागे जावे लागते. मराठी बालनाट्य शहरात वाढले. नागपुरात पुरुषोत्तम दारव्हेकरांनी रंजन कला मंदिराच्या आधाराने मुलांची नाटके बसवली. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणाऱ्या दारव्हेकरांची ही बाजू विदर्भाबाहेर फारशी कुणाला आठवत नाही. मुंबईत 1959 साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केले, 1962 पासून रत्नाकर मतकरींनी आपली बालनाट्य संस्था चालवली. राक्षस, चेटकिणी, राजपुत्र यांची ती बहारदार दुनिया होती. पण ती मोठ्यांनी लिहिलेली आणि मोठ्यांनीच बसवलेली. पुढे बालनाट्य म्हटले की छापील संहिता, हेच समीकरण ठरले. खेड्यातल्या मास्तरांच्या हाती पडली ती तीच. प्रमाण मराठीतली, शहरी घरात घडणारी.

या मुलुखात ती अडखळणारच. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ जवळपास नाहीत. डोळ्याचा डोरा होतो. सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, भामरागडात माडिया, मुलचेऱ्यात बंगाली निर्वासितांच्या वसाहती. अशा पोराला पहिल्याच तालमीत ‘उच्चार नीट कर’ म्हटले, की नाटक तिथेच संपले. उरते ते पाठांतर.

मतकरींनी स्वतःच पुढे वाट बदलली, याचे मला फार मोल वाटते. 2014 मध्ये ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्त्यांमधली मुले आपलेच अनुभव घेऊन नाटुकली रचू लागली आणि त्यातून ‘नाट्यजल्लोष’ होऊ लागला. आयुष्यभर मुलांसाठी लिहिलेल्या माणसाने पंचाहत्तरी ओलांडताना लेखणी मुलांच्या हाती द्यावी, ही साधी गोष्ट नव्हे. त्याआधी 1989 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयानेही मुलांसाठी आणि मुलांबरोबर काम करायला ‘संस्कार रंग टोली’ काढली होती.

झाडीत ही रीत आणायची, तर विषय शोधायला कुठे जावे लागत नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तिथल्या वर्गात वाघाचे नाटक करायचे म्हणजे शेपटी लावून डरकाळी फोडणे नव्हे. मोहफुले वेचायला आईबरोबर पहाटे जाणाऱ्या मुलीला रानात कसे चालायचे, कुठे थांबायचे, हे अंगाने ठाऊक असते. नाटकवाल्याने तिला चालून दाखव म्हणावे आणि आपण बाजूला बसावे. संवाद मागून येतात, तिच्या बोलीत येतात. वनखाते, गावकरी, वाघाने मारलेल्या गाईचा मोबदला मागणारा बाप, सगळी पात्रे पोरांना तोंडपाठ असतात. उपदेश मात्र टाळावा. शाळा, खाती आणि संस्था यांना नाटकाच्या शेवटी घोषणा हवी असते, आणि पोरेही ती हुशारीने देतात.

हे काम करू शकणारे नट इथे नाहीत असे नाही. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आठशेच्या आसपास नाटके आणि पाच हजारांवर प्रयोग त्यांच्या नावावर सांगतात. ते स्वतः शेतकरी. दंडार, खडी गंमत ही इथली लोकनाट्ये पाहत वाढलेले त्यांच्यासारखे कलावंत गावोगाव आहेत. ऐन वेळी संवाद विसरला तर काय बोलायचे, हे त्यांना शिबिरात शिकावे लागलेले नाही.

अडचण कॅलेंडरची आहे. शाळांची स्नेहसंमेलने डिसेंबर-जानेवारीत होतात, आणि तेव्हाच झाडीपट्टीचा हंगाम भरात असतो. गावातला जाणता नट त्या रात्री दुसऱ्याच गावच्या मंडपात उभा असतो, आणि मास्तर पुन्हा कपाटातली जुनी संहिता काढतात. जूनअखेर शाळा उघडते तेव्हा नट रोवण्याच्या चिखलात. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस तेवढे दोघांनाही बरे सापडतात. रोवणे झालेले असते, कापणी दूर असते, कंपनीच्या तालमी जेमतेम सुरू होत असतात. सहामाही परीक्षा सोडली, तर शाळेच्या ओसरीवर रोज तासभर बसायला कुणाची हरकत नसते.