घरी बनवलेली गाडी रस्त्यावर चालते का? परदेशातून 'किट' मागवलं तर पासिंग होतं का? सोप्या भाषेत समजून घ्या

सोलापूर : गावातल्या गॅरेजमध्ये जुन्या दुचाकीचं इंजिन, भंगारातली चाकं आणि वेल्डिंग मशीन असलं की एखादा हुशार पोरगा छोटी जीप उभी करतो. व्हिडिओ व्हायरल होतो, लाईक पडतात. पण ही गाडी पंढरपूरच्या किंवा बार्शीच्या रस्त्यावर नेता येते का? नंबर प्लेट मिळते का? परदेशातून सुट्या भागांची गाडी मागवून इथं जोडली तर चालते का? असे प्रश्न अनेकांना पडतात.

देवराष्ट्रेची जीप आठवते का?

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून छोटी जीप बनवली. खर्च साधारण ६० हजार रुपये. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू व्हायची. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ शेअर करून कौतुक केलं. पण त्याच वेळी त्यांनी स्पष्ट लिहिलं की ही गाडी कोणत्याही नियमात बसत नाही आणि प्रशासन ती आज ना उद्या थांबवेल. म्हणून त्यांनी त्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि जीप महिंद्रा कंपनीकडे गेली.

कौतुक झालं, बक्षीस मिळालं. पण जीपला पासिंग मिळालं नाही, हा यातला खरा धडा आहे.

पासिंग का होत नाही?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. नोंदणीसाठी आरटीओत (सोलापूरला एमएच-१३, अकलूजला एमएच-४५) अर्ज केला की प्रामुख्याने ही कागदं लागतात :

- फॉर्म २० : नोंदणीचा अर्ज
- फॉर्म २१ : विक्रीचा दाखला
- फॉर्म २२ : गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला
- विमा, मालकाचा पत्ता आणि ओळखीचा पुरावा

अडचण फॉर्म २२ ला येते. हा दाखला देण्याआधी उत्पादकाला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ नुसार गाडीचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशा तीन संस्था आपल्याच राज्यात आहेत : पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. तिथं ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर अशा अनेक गोष्टी तपासल्या जातात. हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला हा खर्च परवडतो. एकच गाडी बनवणाऱ्या गॅरेजवाल्याला तो गाडीपेक्षा जड जातो.

परदेशातून किट आणलं तर?

ब्रिटनमध्ये सुट्या भागांची 'किट कार' घरी जोडण्याची जुनी हौस आहे. तिथं अशा एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होते आणि ती पास झाली की नंबर मिळतो. तिथंही आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे असतं. त्यामुळे 'स्टिअरिंग उजवीकडे आहे, मग इथं चालेलच' असं अनेकांना वाटतं. पण उजवं स्टिअरिंग ही आयातीची फक्त एक अट आहे. नमुना मंजुरी, धुराचे नियम आणि कस्टमची कागदं या अटी वेगळ्या.

दुसरा गैरसमज असा, की सुटे भाग म्हणून मागवलं की गाडीचा कर लागत नाही. जोडल्यावर पूर्ण गाडी होईल इतके भाग एकत्र आले तर कस्टम त्यांना गाडी म्हणूनच धरू शकतं. कस्टमचा कर भरला म्हणजे पासिंगही झालं, असंही नाही. म्हणून पैसे पाठवण्याआधी आरटीओ आणि कस्टमचं काम पाहणाऱ्या अधिकृत एजंटकडून लेखी माहिती घ्यावी. एकदा माल बंदरात अडकला की साठवणुकीचं भाडं दिवसागणिक वाढतं.

तरीही रस्त्यावर काढली तर?

'आपल्या गावात कोण विचारतंय' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं :

- नोंदणी नसेल तर कलम १९२ नुसार पहिल्या वेळी २ ते ५ हजार रुपये दंड. पुन्हा सापडल्यास १० हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. गाडी जप्त होऊ शकते.
- पासिंग झालेल्या गाडीत परवानगीशिवाय बदल केले तर कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे.
- नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. अपघातात कुणी दगावलं किंवा अपंग झालं तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. ही रक्कम लाखांत जाऊ शकते, आणि मग जमीन विकायची वेळ येते.

'हे तर जुगाड आहे, गाडी नाही' हा बचावही टिकत नाही. जुगाड हेसुद्धा मोटार वाहनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे.

भंगारातलं इंजिन घेताना जपून

इंजिन आणि चेसिसला नंबर असतो. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर घेणाराही चौकशीत अडकतो. त्यामुळे पावती घ्या, मूळ आरसी पाहा आणि नंबर खोडलेला असेल तर ते इंजिन घेऊच नका.

मग हौस भागवायची कशी?

स्वतःच्या कुंपणातल्या शेतात, जिथं लोकांची ये-जा नाही, तिथं गाडी चालवून पाहता येते. पण शेतातून बाहेर पडून गावच्या रस्त्यावर चाक टेकलं की कायदा लागू होतो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांसाठी 'बाहा'सारख्या स्पर्धा आहेत. त्यात मुलं स्वतः बनवलेली गाडी बंद ट्रॅकवर चालवतात. चालू गाडीत सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवायचं असेल तर मान्यताप्राप्त किट अधिकृत केंद्रातूनच बसवा आणि आरसीवर नोंद करून घ्या.

पोरानं गाडी बनवली तर त्याला शाबासकी जरूर द्या. फक्त चावी देण्याआधी एकदा आरटीओत जाऊन विचारा.