ग्लेनकोलमकिल : दोरांनी बांधलेली छपरं

आयर्लंडच्या वायव्येला डोनेगल परगण्यात, अटलांटिक महासागराच्या काठावर ग्लेनकोलमकिलचं खोरं आहे. गवतानं शाकारलेली पांढरी घरं इथे समुद्राकडे तोंड करून उभी आहेत. कामाच्या शोधात इथली तरुण मंडळी परदेशी चालली होती. गावातच चार पैसे मिळावेत म्हणून १९६७ साली फादर जेम्स मॅकडायर यांच्या पुढाकारानं गावकऱ्यांनी या घरांचं लोकजीवन संग्रहालय उभारलं. अठराव्या ते विसाव्या शतकात इथली माणसं कशी राहत, ते जुन्या घरांच्या या प्रतिकृतींतून दिसतं.

आधी छपराकडे पाहावं. समुद्रावरचा वारा गवत उडवून नेऊ नये म्हणून छपरावरून दोर टाकून ते भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधत. गवताखाली मातीसकट कापलेल्या हिरवळीचा थर असे. झाडं विरळ, म्हणून दलदलीत शतकानुशतकं गाडली गेलेली खोडं उकरून त्यांचे वासे करत.

घराची रुंदी एकाच खोलीची, आणि सारा संसार चुलीभोवती. दलदलीतून कापून वाळवलेलं पीट हे इंधन. रात्री निखारे राखेखाली झाकायचे आणि सकाळी फुंकून पुन्हा पेटवायचे. चुलीजवळच्या कोनाड्यात बिछाना असे. ती ऊब बहुधा म्हाताऱ्यांच्या वाट्याला येई. अनेक घरांत गुरंही त्याच छपराखाली, उताराच्या बाजूला बांधलेली असत. दाराची खालची फळी लावली की कोंबड्या बाहेर आणि मुलं आत राहत. वरची उघडी ठेवली की उजेड येई.

आज चित्रांच्या कार्डांवर मिरवणारं आयरिश घर असं असलं, तरी सगळ्यांच्या नशिबी एवढंही नव्हतं. १८४१च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग केले होते. सर्वांत खालच्या वर्गात एका खोलीची मातीची खोपटी, आणि ती जवळपास पाच लाख होती. बटाट्यावर रोग पडून १८४५पासून दुष्काळ आला. १८५१मध्ये अशी खोपटी दीड लाखाहूनही कमी उरली. त्यांतली असंख्य माणसं उपासमारीनं आणि तापानं गेली, कित्येकांनी देश सोडला. मातीच्या भिंती पावसात विरघळल्या, दगडाच्या टिकल्या. म्हणून जुन्या आयर्लंडची जी घरं आपल्याला पाहायला मिळतात, ती बहुतेक त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या माणसांची असतात.